सांध्यातला दोष

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात पहिला लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ साली, आणि तो विकला जायला पुढे दोन वर्षे गेली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मराठी उद्योगाच्या इतिहासात ही हकीकत नेहमी एकाच अर्थाने सांगितली जाते: शेतकरी अडाणी, कारखानदार जिद्दी आणि अखेर जिद्दीचा विजय. जिद्द खरीच होती. पण शेतकऱ्याचा नकार निव्वळ भाबडेपणा म्हणून सोडून द्यावा, हे पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो सांधून देई, फाळ बोथट झाला तर लोहार त्याला धार काढून देई, आणि दोघांचे बलुते सुगीला चुकते होई. ओतीव लोखंडाचे तसे नाही. ते तापवून ठोकायला गेले तर वाकत नाही, तडकते. पाऊस तोंडावर आला असताना असा नांगर मोडला, तर तो दुरुस्त करू शकेल असा एकही माणूस गावात नव्हता. जमीन नासण्याची भीती चुकीची होती. पण बाहेरून आलेले अवजार मोडले तर पुढे काय, हा जो प्रश्न त्या भीतीच्या आड उभा होता, तो अगदी रास्त होता.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या यंत्रांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा सोडवला आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला, १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. पुढे शिक्षण आले: सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि नंतर वालचंद नावाने ओळखले जाऊ लागले, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, इस्लामपूरजवळच्या राजारामनगरचे १९८३ चे. या संस्थांतून बाहेर पडलेली अनेक मुले आज वेबसाइटी आणि वेब ॲप्लिकेशने बनवतात, आणि त्यांतली पुष्कळशी पीएचपी भाषेत, लारावेल, कोडइग्नायटर किंवा सिम्फनी यांसारख्या एखाद्या फ्रेमवर्कवर. फ्रेमवर्क म्हणजे आधीच उभा केलेला सांगाडा. लॉगिन, डेटाबेसची जोडणी, कोणत्या पत्त्यावर कोणते पान उघडायचे, अर्जात भरलेली माहिती तपासणे, ही प्रत्येक साइटला लागणारी कामे त्यात तयार मिळतात. तरीही ही मुले दिवसाचा मोठा भाग न चालणारी गोष्ट चालवण्यात घालवतात. या कामाला इतिहास नाही, ते कालपरवाचे आहे, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे उलट आहे. तयार सांगाडा दूरच्या कोणाच्या तरी गरजेतून घडलेला असतो. त्याच्या पोटातले दोष घडवणारा आणि जगभरचे वापरणारे मिळून बहुतेक काढून टाकतात. उरतो तो सांध्यातला दोष, सांगाडा जिथे इथल्या जमिनीवर, इथल्या सर्व्हरवर, इथल्या लिपीवर टेकतो तिथला. तो ज्याला सांध्याच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत त्यालाच सापडतो, आणि असा माणूस जवळ असणे हीच या भागाच्या यंत्रोद्योगाची खरी कमाई होती.

किर्लोस्करवाडीचेच पाहा. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंगाने भरलेला तो माळ होता. १० मार्च १९१० ला तिथे वसाहतीची सुरुवात झाली. या घटनेकडे उदार राजा आणि धडपड्या उद्योजक यांची गोष्ट म्हणून पाहता येते, आणि ती तशी आहेही. पण तिचा दुसरा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. नांगर ओतणारा माणूस नांगर चालवणाऱ्यांच्या शिवारात येऊन राहिला. फाळ कुठे झिजतो, कोणत्या मातीत तास सरळ जात नाही, बैलांना ओढ कुठे जड होते, हे कळायला त्याला पत्रव्यवहाराची वाट पाहावी लागत नव्हती. आणि बदली भाग पाठवायला रेल्वे दाराशी होती. विलायतेहून आलेल्या नांगरामागे असे कोणी नव्हते. देशी कारखान्याची सरशी स्वस्ताईमुळे झाली, देशाभिमानामुळे झाली, हे सारे मान्य करूनही दोष आणि दुरुस्ती यांतले अंतर तुटले हे कारण त्यांच्या बरोबरीने मांडले पाहिजे.

कूपरांच्या कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन बनवले. भारतात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. कृष्णा, वारणा, येरळा या नद्यांच्या काठी मोटेच्या जागी इंजिने आली आणि त्यांच्याबरोबर एक नवा कारागीर आला, इंजिन-मिस्त्री. या मिस्त्रीची दोष शोधण्याची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती शोधाची एक पक्की शिस्त होती. इंजिन चालू होत नसेल तर तो लगेच हेड उघडत नाही. आधी टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का ते बघतो. मग फिल्टर चोंदला आहे का. मग नळीने हवा धरली आहे का: पंपाजवळचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारायचा आणि बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार येईपर्यंत मारत राहायचे. त्यानंतर नोझल काढून फवारा कसा पडतो ते पाहायचे. इतके सगळे नीट निघाले तरच व्हॉल्व्ह, रिंगा आणि कॉम्प्रेशनकडे वळायचे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन एकदम बदलल्या तर इंजिन कशामुळे चालू झाले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे शास्त्र पुस्तकात लिहिलेले नव्हते. पण ते शास्त्रच होते.

आता पीएचपीकडे येऊ. रॅसमस लेरडॉर्फ याने स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली काही साधने १९९५ साली सर्वांसाठी खुली केली, ही तिची सुरुवात. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती भाषा म्हणून स्थिरावली आणि २००४ च्या पाचव्या आवृत्तीने तिला मोठी ॲप्लिकेशने रचण्याइतका आकार दिला. लगोलग सांगाडे आले: २००५ साली केकपीएचपी आणि सिम्फनी, २००६ साली कोडइग्नायटर आणि झेंड, २०११ साली टेलर ओटवेलचे लारावेल. त्याआधी प्रत्येक जण आपापला नांगर आपापल्या सुताराकडून करून घेत होता. पासवर्ड साठवण्याची रीत, डेटाबेसला प्रश्न विचारण्याची रीत प्रत्येक साइटची वेगळी, आणि त्यांतल्या पुष्कळशा धोकादायक. सांगाड्यांनी हा गोंधळ मिटवला. दोषांच्या बाबतीत मात्र नांगरासारखेच झाले. साधे दोष गेले आणि अवघड सांधे उघडे पडले.

पहिला सांधा स्वतःचा संगणक आणि सर्व्हर यांच्यातला. आपल्याकडे शिकणाऱ्यांचा संगणक बहुधा विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा. विंडोज फाईलच्या नावातले लहान आणि मोठे रोमन अक्षर एकच मानते, लिनक्स मानत नाही. म्हणून घरी बिनतक्रार चाललेला प्रोग्राम सर्व्हरवर ‘क्लास सापडत नाही’ म्हणून थांबतो. मुखपान उघडते पण बाकीचे प्रत्येक पान ४०४ देते, तेव्हा बहुधा अपाचे या सर्व्हर-प्रोग्राममध्ये पत्ता वळवण्याची सोय बंद असते. पांढरे कोरे पान किंवा नुसताच ५०० क्रमांक दिसतो तेव्हा तक्रारीचा खरा मजकूर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत असतो. पण ज्या स्टोरेज फोल्डरात लॉग लिहायचा तिथेच लिहिण्याची परवानगी नसेल तर दोष स्वतःचा पुरावाही मागे ठेवत नाही. डॉट-ईएनव्ही फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदलला तरी जुनाच वापरला जातो, कारण कधीतरी कुणीतरी कॉन्फिगरेशनचा कॅश, म्हणजे तयार साठा, करून ठेवलेला असतो आणि तो असेपर्यंत लारावेल त्या फाईलकडे बघतच नाही. अर्ज अर्धवट भरून कारकून कामाला उठून गेला, दोन तास उलटले आणि परत येऊन बटण दाबले की ‘पेज एक्स्पायर्ड’ म्हणून ४१९ येतो. सेशनची ठरीव मुदत १२० मिनिटे आहे आणि तिच्याबरोबर अर्जाची सुरक्षा-खूणही बाद होते. यांतला एक दोष नुसती अडचण म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सर्व्हरने फक्त पब्लिक हे फोल्डर जगाला दाखवायचे असते. घाईत पूर्ण प्रकल्पच उघडा ठेवला तर डॉट-ईएनव्ही फाईल कोणालाही उतरवून घेता येते, पासवर्डांसकट. पतसंस्थेची किंवा दवाखान्याची साइट अशी उघडी राहणे म्हणजे लोकांच्या विश्वासाशी खेळ आहे, आणि साइट चालते आहे म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे नवशिक्यांचे घोटाळे आहेत, सूचनापुस्तिका वाचली असती तर झाले नसते. यात तथ्य आहे. वरच्या प्रत्येक दोषाचे उत्तर लारावेलच्या कागदपत्रांत किंवा सर्व्हरच्या माहितीत आहे. पण ते दोन वेगळ्या ठिकाणी आहे हाच तर मुद्दा. सांगाड्याची पुस्तिका सर्व्हर नीट आहे असे धरून चालते आणि सर्व्हरची पुस्तिका वर कोणता सांगाडा बसणार आहे हे जाणत नाही. दोन्ही पुस्तिका बरोबर असून दोष त्यांच्या मध्ये पडतो. मिस्त्रीचा क्रम इथे जसाच्या तसा लागू पडतो: आधी लॉग, मग परवानग्या, मग कॅश, मग आवृत्ती, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा कोड उकलायला घ्यायचा. नवशिका बरोबर उलटे करतो. तो कोडपासून सुरुवात करतो, पाच ठिकाणी एकदम हात घालतो आणि शेवटी चालले की का चालले हे न विचारता पुढे जातो. त्याला दोष देणे सोपे आहे. ही शिस्त त्याला कोणी शिकवली का, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. महाविद्यालयात तो प्रोग्राम लिहायला शिकतो, लिहिलेल्याचा दोष शोधायला बहुधा नाही.

सांध्यातला दोष केवळ तांत्रिक असतो असेही नाही. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणानगर आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण प्रकल्पातली सत्तर गावे वारणेच्या दोन्ही तीरांची होती, म्हणजे सांगली जिल्ह्यातलीही. गावात संगणक, त्यावर बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना आणि इंटरनेट, असे मोठे चित्र होते. प्रत्यक्षात हे संगणक मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला लागले: उसाची नोंद, तोडणी, किती टन ऊस गेला, खताचा हिशेब. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या गटाने वापराकडे बारकाईने पाहिले. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती थोडक्या आकड्यांची आहे आणि त्यासाठी गावोगाव संगणक सांभाळणे महाग पडते, असे ध्यानात आल्यावर त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाइल ठेवला आणि माहिती एसएमएसने दिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार जुन्या व्यवस्थेची सर्व कामे त्यातून झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती रीत अधिक आवडली.

वारणेचा प्रकल्प फसला असा याचा अर्थ लावणारे आहेत, तसा मी लावत नाही. त्या संगणकांमुळेच गावाला नेमके काय हवे ते कळले. आणि ज्यांनी ते शोधले त्यांनी मिस्त्रीचेच काम केले: यंत्र काय काय करू शकते याची यादी बाजूला ठेवून ते इथे प्रत्यक्ष काय करते आहे ते पाहिले. या प्रकल्पात पीएचपी फ्रेमवर्क नव्हते, तेव्हा अशी फ्रेमवर्के जन्मलीही नव्हती, म्हणून हा दाखला गैरलागू आहे असा आक्षेप घेता येईल. पण मी दाखला घेतो तो दोषाच्या जागेचा. आजही ग्रामपंचायतीसाठी किंवा दूध संस्थेसाठी केलेले ॲप्लिकेशन बंद पडते, तेव्हा कित्येकदा त्यातली प्रत्येक ओळ बरोबर असते. फक्त ते भरणाऱ्याच्या कामाच्या क्रमाशी जुळत नसते.

सर्वांत खोल सांधा मात्र लिपीचा आहे, आणि इथे थोडे तपशिलात जावे लागेल. पीएचपीच्या दृष्टीने शब्द म्हणजे बाइटांची माळ. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सातारा’ लिहिला तर वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, युनिकोडला सहा चिन्हे दिसतात, कारण प्रत्येक काना वेगळा, आणि पीएचपीचे साधे स्ट्रलेन फंक्शन १८ सांगते. ‘सांगली’चेही तेच: तीन, सहा, अठरा. आता बातमीचा मथळा शंभरावर तोडायचा म्हणून कोणी साधे सबस्ट्र वापरले की १०० ला ३ ने भाग जात नसल्याने काप एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडण्याचा संभव मोठा. पानावर शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. पण हाच मजकूर जेसन या स्वरूपात बदलून मोबाइल ॲपला पाठवायचा असेल तर पूर्ण उत्तरच अडते आणि ‘यूटीएफ-८ अक्षरे बिघडलेली आहेत’ अशा अर्थाची तक्रार येते. दोष मथळा कापण्यात आणि बोंब जेसन करताना, म्हणून शोधणारा तासन्‌तास चुकीच्या फाईलमध्ये बसतो. एमबी किंवा ग्राफीम या नावाने सुरू होणारी फंक्शने वापरली की हे टळते. भाषेच्या पोटातच युनिकोड घालण्याचा प्रयत्न सहाव्या आवृत्तीत झाला होता. तो इतका जड ठरला की २०१० साली सोडून द्यावा लागला आणि पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली. म्हणजे देवनागरीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला आलेला हा दोष तीस वर्षांपूर्वीच्या एका निवडीचा वारसा आहे, आणि ती निवड करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपली लिपी नव्हती.

डेटाबेसमध्येही असाच एक वारसा आहे. मायएसक्यूएलने ज्याला यूटीएफ-८ म्हटले ते प्रत्यक्षात चिन्हामागे तीनच बाइट साठवत होते. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षे ही उणीव जाणवली नाही. इमोजीला चार लागतात. त्यासाठी २०१० साली यूटीएफ-८-एमबी-४ हा नवा प्रकार आला आणि जानेवारी २०१७ च्या लारावेल ५.४ ने तो ठरीव केला. त्याबरोबर जगभर एक तक्रार उसळली, ‘की फार लांब आहे, मर्यादा ७६७ बाइट’. हिशेब साधा आहे. २५५ चिन्हांचा रकाना गुणिले ४ म्हणजे १,०२०, आणि जुन्या मायएसक्यूएलमध्ये निर्देशांकाला मुभा ७६७ चीच. १९१ ला ४ ने गुणले तर ७६४ येतात, म्हणून उपाय म्हणून १९१ हा आकडा सगळीकडे पसरला. मायएसक्यूएल ५.७.७ पासून मर्यादा वाढली आणि त्या आकड्याची गरज संपली. तरीही आजच्या कित्येक नव्या प्रकल्पांत तो सापडतो. विचारले तर टाकणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

इथे दोन आक्षेप एकदम भेटतात. एक असा की नांगर झिजतो, इंजिन झिजते, प्रोग्राम झिजत नाही. मग ही तुलनाच कशाला? प्रोग्राम झिजत नाही हे खरे, पण त्याच्या खालची जमीन सरकते. होस्टिंगवाला पीएचपी पाचवरून सातवर नेतो आणि मायएसक्यूएलची जुनी फंक्शने त्या आवृत्तीत काढून टाकलेली असल्याने दहा वर्षे चाललेली साइट एका रात्रीत आडवी होते. एक अक्षरही न बदलता ती मोडली, ती सांध्यात. दुसरा आक्षेप आजचा आणि अधिक वजनदार आहे: तक्रारीचा मजकूर शोधयंत्राला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेला दिला की उपाय मिळतो, मग दोष शोधणारा कारागीर हवा कशाला? मिळतो, आणि पुष्कळदा बरोबर मिळतो; ती सोय मी मोठी मानतो. पण १९१ चा आकडा अशाच उसन्या उपायांनी पसरला आहे. आणि ज्या दोषाला मजकूरच नाही, त्याच्यासाठी विचारायचे काय? पावतीची पीडीएफ करणारी डॉमपीडीएफ ही साधनपेटी देवनागरीची जोडाक्षरे जुळवत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, पण तक्रार कसलीच करत नाही. मराठी न वाचणाऱ्याला ती पावती उत्तम दिसते. एमपीडीएफमध्ये जोडाक्षरांची सोय आहे, पण तीही चालू करावी लागते. सभासदांची यादी कोड-क्रमाने लावली तर ‘क्षीरसागर’ क मध्ये जाऊन बसतात आणि ळ हा ल च्या शेजारी येतो. मराठी कोशाचा क्रम वेगळा आहे हे मराठी माणसालाच खटकते.

असा मुका दोष सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावातच आहे. कऱ्हाड. यातला ऱ्ह दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण पहिल्या रीतीत शब्द १८ बाइटांचा होतो आणि दुसरीत २१ बाइटांचा. कोणता कीबोर्ड वापरला यावर रूप ठरते. पीएचपीने दोघांची तुलना केली तर उत्तर येते ‘वेगळे’. तालुक्याच्या नावाने गाळणी लावली की निम्म्या नोंदी गायब, आणि लॉगमध्ये एक ओळही नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारे फंक्शन या दोन रूपांना एक करत नाही. त्याहून वाईट असे की ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ हा इंग्रजी मजकुरासाठीचा नेहमीचा सफाईचा उपाय इथे लावला तर जोडचिन्ह जाते, र चा रफार होऊन ह वर चढतो आणि गावाचे नाव ‘कर्हाड’ होते. दोन रूपांची तीन होतात, आणि ‘कराड’ लिहिणारे धरले तर चार. योग्य उपाय छोटा आहे. र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही ओळीने आली तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, इतरत्र जोडचिन्हाला हात लावायचा नाही, आणि हा नियम मजकूर साठवताना व शोधताना, दोन्ही वेळा चालवायचा. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ एक धरायचे की नाही हे मात्र कोणत्याही नियमाने ठरत नाही; त्यासाठी गावांची यादी तालुक्याच्या माहितगारासमोर ठेवून एकदा हाताने जुळवावी लागते. ती जुळवण्याआधी जुन्या नोंदींत कोणते रूप किती वेळा आले आहे ते मोजून घ्यावे आणि मूळ तक्ता जसाच्या तसा बाजूला ठेवावा.